‘हेय्त्मन’ शब्दाची व्युत्पत्ती : एका मताचे परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

चेक भाषेतील ‘हेय्त्मन’, पोलिश व युक्रेनियन भाषांतील ‘हेत्मन’ आणि रशियन भाषेतील ‘गेत्मन’ ही सेनानायकवाचक पदनामे एकाच कुळातील आहेत, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो या कुळाच्या मूळपुरुषाविषयी. अलेक्सांडर ब्र्यूक्नर यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या पोलिश व्युत्पत्तिकोशात आणि माक्स फास्मर यांनी १९५० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केलेल्या रशियन व्युत्पत्तिकोशात हा शब्द जर्मन ‘हाउप्टमान’ या शब्दापर्यंत नेऊन पोचविला आहे. ‘हाउप्ट’ म्हणजे मस्तक आणि ‘मान’ म्हणजे मनुष्य. हाउप्टमान म्हणजे प्रमुख पुरुष, नायक. याच्या विरुद्ध जाणारे दुसरे एक मत लोकप्रिय संदर्भग्रंथांतून वारंवार पुढे येते. त्याप्रमाणे या पदाचे मूळ तुर्की कुळातील ‘आतामान’ या शब्दात आहे, त्याचा अर्थ ‘घोडेस्वारांचा पिता’ असा होतो, आणि तो शब्द चेक भाषेच्या द्वारे पोलिश भाषेत शिरला.

हे दुसरे मत आकर्षक आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेश, तेथील कोसॅक स्वार आणि त्यांचा तुर्की-तातार शेजार हे सारे चित्र त्यात सामावते. परंतु व्युत्पत्तीची परीक्षा चित्राच्या मोहकतेवर होत नाही. एखादा शब्द दुसऱ्या शब्दापासून आला असे म्हणावयाचे, तर अर्थ, ध्वनी आणि प्रवासाचा मार्ग या तिन्ही कसोट्यांवर ते विधान टिकावे लागते. प्रस्तुत लेखात या तीन कसोट्यांवर तुर्की मताचे परीक्षण केले आहे. या वादात चेक रूपाकडे केवळ वाटेवरचा एक मुक्काम म्हणून पाहिले जाते. वस्तुतः निर्णायक साक्ष त्याच रूपाची आहे, असे येथे प्रतिपादावयाचे आहे.

२. अर्थाची कसोटी

‘घोडेस्वारांचा पिता’ हा अर्थ प्रथम तपासावयास हवा. तुर्की भाषेत ‘आत’ म्हणजे घोडा आणि ‘आता’ म्हणजे पिता. हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘आतामान’ या शब्दातील पहिला अवयव ‘आता’ मानला, तर पिता मिळतो पण घोडा नाहीसा होतो. ‘आत’ मानला, तर घोडा राहतो पण पिता जातो. एकाच अवयवातून दोन्ही अर्थ एकाच वेळी काढणे ही व्युत्पत्ती नव्हे, तो शब्दश्लेष झाला. उरलेल्या ‘मान’ या अंशाचीही स्थिती तशीच आहे. तुर्की भाषांतील ‘-मान’ वा ‘-मेन’ हा प्रत्यय बहुधा आधिक्य किंवा तीव्रता दाखवितो. ‘कोजामान’ म्हणजे प्रचंड, ‘शिश्मान’ म्हणजे लठ्ठ. त्याचा स्वारांशी संबंध नाही. ‘आतामान’ हा शब्द तुर्की प्रकृतीचा असेलही, आणि त्याच्या मुळाशी पितृवाचक शब्द असणे शक्यही आहे. परंतु त्यातून ‘घोडेस्वारांचा पिता’ निर्माण होत नाही. हा अर्थ मागाहून, कोसॅक जीवनाच्या परिचित चित्रावरून, शब्दावर बसविलेला दिसतो.

जर्मन पक्षाचा अर्थ याउलट सरळ आहे. मस्तकवाचक शब्दावरून नायकवाचक शब्द बनविण्याची प्रवृत्ती अनेक भाषांत आढळते. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोके. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये सेनानायकवाचक शब्द बनला आणि त्याचीच परंपरा फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज या भाषांतील कप्तानवाचक शब्दांत चालू राहिली. मराठीतील ‘कप्तान’ हा त्याच परंपरेतील शब्द पोर्तुगीजांच्या संपर्काने आलेला आहे. फारसी ‘सर’ म्हणजे डोके. ‘सरदार’ आणि ‘सरनोबत’ या मराठी वाचकाच्या नित्य परिचयाच्या शब्दांत तेच मस्तक आहे.

तथापि या अर्थसाम्याचा उपयोग मर्यादित आहे. ‘सरदार’ आणि ‘हाउप्टमान’ यांच्यात रचनेचे साम्य असले, तरी एक दुसऱ्यापासून आला असे कोणी म्हणणार नाही. दोन भाषासमूहांना एकच रूपक स्वतंत्रपणे सुचू शकते. तेव्हा अर्थाची कसोटी जर्मन पक्षाला अनुकूल असली, तरी तिने प्रश्न निकालात निघत नाही. निर्णय ध्वनीकडे मागावा लागतो.

३. ध्वनीची कसोटी

आधुनिक प्रमाण जर्मन ‘हाउप्टमान’ आणि चेक ‘हेय्त्मन’ ही रूपे शेजारी ठेवली, तर पहिल्या अक्षरातील स्वरभेद डोळ्यांत भरतो. ‘आउ’ या संयुक्त स्वराचा ‘एय्’ कसा झाला? तुर्की पक्षाचे समर्थक याच शंकेचा लाभ घेतात. परंतु ही शंका आधुनिक प्रमाण रूपाला मध्ययुगीन रूप समजण्याच्या चुकीतून उद्भवते.

मध्ययुगीन जर्मनमध्ये मस्तकवाचक शब्दाचे एक रूप ‘होउबेट’ असे होते. त्याच्याच जोडीला स्वरपरिवर्तन झालेले दुसरे रूपही प्रचलित होते. पूर्व-मध्य जर्मन प्रदेशात, म्हणजे बोहेमियाच्या लगतच्या भूमीवर, हे दुसरे रूप विशेष रूढ होते. मार्टिन ल्यूथर यांच्या १५४५ च्या बायबल भाषांतरात हा शब्द ‘हेउब्टमान’ असाच लिहिलेला आहे. या दुसऱ्या रूपातील संयुक्त स्वराचा ओष्ठ्य अंश बव्हेरियन व पूर्व-मध्य जर्मन बोलींत लोप पावतो. ‘आनंद’ या अर्थाचा प्रमाण जर्मन ‘फ्रॉइडे’ हा शब्द बव्हेरियन बोलीत ‘फ्राइड’ असा ऐकू येतो. त्याच रीतीने ‘हेउब्ट’ या उच्चारातून ‘हाइप्ट’ असा उच्चार निष्पन्न होतो. चेक लोकांच्या कानावर जो जर्मन शब्द पडत होता, तो हा. आजच्या शब्दकोशातला नव्हे.

पुढचा टप्पा चेक भाषेतला आहे. ‘हाइप्टमान’ या शब्दात प्, त्, म् ही तीन व्यंजने लागोपाठ येतात. उच्चारसुलभतेसाठी त्यांतील पहिल्याचा लोप झाला. अशा रीतीने ‘हाय्त्मन’ हे रूप मिळते, आणि जुन्या चेक लेखनात ‘आय्’युक्त रूपे आढळतातही. यानंतर मध्ययुगाच्या उत्तरकाळात चेक भाषेत एकाच अक्षरातील ‘आय्’चा ‘एय्’ होण्याची प्रवृत्ती सर्वत्र पसरली. ‘दे’ या आज्ञार्थी अर्थाचे जुने ‘दाय्’ हे रूप ‘देय्’ झाले; श्रेष्ठतादर्शक ‘नाय्-’ हा उपसर्ग ‘नेय्-’ झाला. शेजारच्या स्लोव्हाक आणि पोलिश भाषांत मात्र ‘दाय्’ व ‘नाय्-’ ही रूपे आजही अबाधित आहेत. याच नियमाने ‘हाय्त्मन’चा ‘हेय्त्मन’ झाला. म्हणजे जर्मनपासून चेकपर्यंतचा प्रत्येक बदल त्या त्या भाषेच्या ज्ञात नियमांनी वा सामान्य उच्चारप्रवृत्तीने उलगडतो. कोठेही अपवादाचा आधार घ्यावा लागत नाही.

आता हीच परीक्षा ‘आतामान’ला लावावी. प्रथम, त्या शब्दाच्या आरंभी ‘ह्’ नाही. चेक शब्दात तो आहे. दुसरे, ‘आतामान’मध्ये ‘त्’ आणि ‘म्’ यांच्यामध्ये एक स्पष्ट स्वर आहे. चेक शब्दात तो नाही. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, चेक शब्दाच्या पहिल्या अक्षरात ‘य्’ आहे. हा ‘य्’ जर्मन संयुक्त स्वराचा अवशेष म्हणून सहज समजतो. ‘आतामान’मधून तो येण्याला मुळीच वाट नाही. तुर्की मताला एकाच शब्दासाठी तीन स्वतंत्र अपवाद कल्पावे लागतात: एक ध्वनी जोडावा लागतो, एक गाळावा लागतो आणि एक निर्माण करावा लागतो.

‘ह्’बाबत एक प्रत्युत्तर संभवते. युक्रेनियन भाषेत शब्दारंभीच्या स्वरापूर्वी ‘ह्’ येण्याची प्रवृत्ती आहे. ‘अक्रोड’ या अर्थाच्या जुन्या ‘ओरेख’ शब्दाचे तेथे ‘होरीख’ होते. त्याप्रमाणे ‘आतामान’लाही ‘ह्’ चिकटला असे म्हणता येईल. परंतु हे प्रत्युत्तर घेताच मार्ग उलटा होतो. ‘ह्’ युक्रेनमध्ये लागला असेल, तर शब्द पूर्वेकडून पश्चिमेकडे जाऊन पोलंडमार्गे बोहेमियात पोचला असे मानावे लागेल. मग ‘चेकच्या द्वारे पोलिशमध्ये’ हे मूळ विधानच सोडून द्यावे लागेल. शिवाय चेक ‘य्’चा उलगडा तेव्हाही होत नाही.

पोलिश ‘हेत्मन’ या रूपातील ‘य्’चा अभाव हा जर्मन पक्षाच्या साखळीतला त्यातल्या त्यात नाजूक दुवा होय. पूर्व-मध्य जर्मन बोलींत हा संयुक्त स्वर पुष्कळदा दीर्घ ‘ए’ होतो. ‘वृक्ष’ या शब्दाचे प्रमाण ‘बॉइमे’ हे बहुवचन तेथे ‘बेमे’ होते. या आधारावर पोलिश शब्द थेट अशा एखाद्या जर्मन बोलीतून आला असावा, असाही तर्क करता येतो. परंतु या तर्काने तुर्की पक्षाला काहीच लाभ होत नाही. पोलिशमध्ये ‘आय्’चा ‘एय्’ होत नाही. म्हणून तेथील ‘ए’ हा पोलिश भाषेत उत्पन्न झालेला नसून बाहेरून आलेला आहे. तो चेकमधून आला असो की जर्मन बोलीतून, दोन्ही वाटा ‘हाउप्ट’पाशीच जाऊन मिळतात.

४. मार्गाची कसोटी

शब्द ज्या वाटेने आला असे म्हणावयाचे, त्या वाटेवर त्या काळी माणसांची ये-जा होती काय, हा तिसरा प्रश्न. बोहेमियातील नगरांत, खाणींत आणि राजदरबारात जर्मन भाषिकांची वस्ती मध्ययुगात मोठी होती. किल्ल्याचा वा प्रदेशाचा नियुक्त अधिकारी या अर्थाने ‘हाउप्टमान’ हे पद जर्मन भूमीत चालू होते. तेथून ते चेक भाषेत येण्यात आश्चर्य नाही. याउलट पंधराव्या शतकाच्या पूर्वी तुर्की भाषिक स्वारांकडून थेट चेक लोकांनी एखादे सेनापद उचलावे, असा संबंध दाखविता येत नाही.

हा शब्द इतिहासप्रसिद्ध झाला तो हुसवादी युद्धांत. १४२० साली ताबोर येथील समुदायाने चार हेय्त्मन निवडले: मिकुलाश झ हुसी, यान झिश्का, झ्बिन्येक झ बुखोवा आणि ख्वाल झ माखोवित्स. यांतील झिश्का हा १४२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत युरोपातील अत्यंत यशस्वी सेनानींपैकी एक ठरला. गाड्यांची तटबंदी आणि बंदुका यांच्या बळावर त्याच्या शेतकरी सैन्याने चिलखती सरदारांचा पराभव केला. या युद्धपद्धतीबरोबर तिची परिभाषाही पसरली. ‘होउफ्नित्से’ ही हुसवाद्यांची आखूड तोफ. तिच्याच नावापासून जर्मन ‘हाउबित्से’ आणि पुढे इंग्रजी ‘हॉविट्झर’ हे शब्द आले. पोलिशमध्ये चेकमार्गे आलेल्या लष्करी शब्दांत गाड्यांच्या छावणीचे नाव ‘ताबोर’ आणि पथकनायकाचे ‘रोत्मिस्त्र’ हेही मोडतात. यांतील दुसरा शब्दही मूळ जर्मनच आहे. तेव्हा ‘हेय्त्मन’ हा एकटा प्रवासी नसून एका मोठ्या तांड्याबरोबर गेलेला शब्द आहे.

पोलंड-लिथुएनियाच्या राज्यात हे पद लवकरच सर्वोच्च सेनाधिपत्याचे वाचक बनले. १५१४ च्या ओर्शाच्या लढाईत विजयी झालेला कोन्स्तान्ती ओस्त्रोग्स्की हा १४९७ मध्येच लिथुएनियाचा महाहेत्मन झाला होता. म्हणजे कोसॅकांची झापोरोझ्ये येथील संघटना सोळाव्या शतकाच्या मध्यास आकार घेऊ लागली, त्याच्या अर्धशतक आधी हे पद राज्ययंत्रणेत स्थिर झालेले होते. १६४८ मध्ये बोह्दान ख्मेल्नित्स्की कोसॅकांचा हेत्मन झाला, तेव्हा त्याने धारण केले ते त्याच राज्यातील सर्वोच्च सेनापतीचे नाव.

कोसॅकांच्या भाषेतच या वादाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. तेथे ‘हेत्मन’ आणि ‘ओतामान’ असे दोन्ही शब्द एकाच काळी, एकाच लोकांत, वेगवेगळ्या पदांसाठी वापरले जात. हेत्मन हा सर्वांचा अधिपती. छावणीचा प्रमुख तो ‘कोशोवी ओतामान’ आणि तिच्यातील एकेका तुकडीचा प्रमुख तो ‘कुरिन्नी ओतामान’. एकच शब्द ध्वनिविकाराने दोन रूपांत फुटला असता, तर त्या फुटीचा टप्पा दाखविता आला पाहिजे होता. येथे मात्र दोन दिशांनी आलेले दोन शब्द एका समाजात शेजारी बसलेले दिसतात. त्यांचे ध्वनिसाम्य आणि अर्थसाम्य यांमुळे पुढील अभ्यासकांना ते सख्खे भाऊ वाटले, एवढेच.

५. उसन्या शब्दाचा अभिमान व संकोच

जर्मन व्युत्पत्ती मान्य करण्यास जो संकोच वाटतो, त्याचे एक कारण भाषाशास्त्राच्या बाहेर आहे. हुसवादी चळवळीत जर्मन वर्चस्वाविरुद्धचा चेक अभिमान प्रबळ होता. यान हुस यांनी १४१२ च्या आपल्या विवरणग्रंथात प्रागच्या लोकांच्या मिश्र भाषेवर कठोर टीका केली. अंगपुसण्याला ‘हान्तुख’ आणि पुढे बांधावयाच्या वस्त्राला ‘शोर्त्स’ असे जर्मन शब्द वापरणाऱ्यांना त्यांनी दोष दिला. १४१५ मध्ये हुस यांना जाळण्यात आले. आणि त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत त्यांच्या अनुयायांनी आपल्या सेनानायकांना जे नाव दिले, ते जर्मनच होते.

यात विसंगती वाटली, तरी ती भाषेच्या व्यवहाराशी सुसंगत आहे. चेक भाषेत स्वतःचा शब्द नव्हता असे नाही. ‘सैन्य नेणारा’ या अर्थाचा स्लाव्ह शब्द चेकमध्ये ‘व्हेव्होदा’ या रूपाने नांदत होता. परंतु तोवर तो उच्च कुलीन पदाचा, ड्यूकचा वाचक झालेला होता. ‘सेत्नीक’ हा शब्द शंभरांच्या नायकापुरता मर्यादित होता. समुदायाने निवडलेला, कुळाने नव्हे तर नेमणुकीने अधिकार पावलेला नायक सांगण्यासाठी नेमणुकीचा भाव असलेले पदनाम हवे होते, आणि ते ‘हेय्त्मन’मध्ये आयते मिळाले. शिवाय तोवर तो शब्द इतका मुरलेला होता, की वापरणाऱ्याला त्याचे परकेपण जाणवतही नसावे. हुस यांना टोचले ते ताजे उसने शब्द.

मराठीच्या इतिहासात याला समांतर उदाहरण आहे. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या सुमाराच्या काळात, रघुनाथपंतांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी-अरबी राज्यशब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि ‘सरनोबत’ या पदाच्या जागी ‘सेनापती’ आले. तरीही ‘सरदार’, ‘हवालदार’, ‘सुभेदार’ हे शब्द मराठ्यांच्या मुखी राहिलेच, आणि त्यामुळे मराठ्यांच्या पराक्रमात काही उणे आले नाही. शब्दाचे मूळ आणि तो धारण करणाऱ्याचे कर्तृत्व यांचा परस्परसंबंध नसतो. व्युत्पत्तीच्या निर्णयात अभिमान शिरला, की आवडते मूळ शोधले जाते, आणि मग खरे मूळ समोर असूनही दिसेनासे होते.

६. अर्थाचा पुढील प्रवास

या पदाच्या अर्थाने पुढे घेतलेली वळणेही जर्मन संबंधाला पुष्टी देतात. हाब्सबुर्ग राज्यात ‘हेय्त्मन’ हे नाव लष्करी आणि मुलकी अशा दोन्ही अधिकाऱ्यांना लागले. सैन्यात तो एका कंपनीचा कप्तान. यारोस्लाव हाशेक यांच्या ‘श्वेइक’ कादंबरीतील साग्नेर हा मूळ चेकमध्ये ‘हेय्त्मन’ आहे. मुलकी कारभारात तोच जिल्ह्याचा अधिकारी. जर्मन शब्दालाही हेच द्वैत आहे: जर्मन सैन्यात ‘हाउप्टमान’ आजही कप्तान आहे, तर ऑस्ट्रियातील प्रांतप्रमुखाला ‘लांडेसहाउप्टमान’ म्हणतात. दोन शब्दांचे अर्थ इतकी शतके जोडीने चालावेत, हे त्यांच्या सततच्या संपर्काचे निदर्शक आहे. ‘आतामान’ला असे मुलकी प्रांताधिकाऱ्याचे अंग या रीतीने फुटलेले नाही.

चेक सैन्यात ‘हेय्त्मन’ हे पद आज उरलेले नाही. त्याची जागा ‘कपितान’ने घेतली. एका मस्तकवाचक शब्दाच्या जागी दुसरा मस्तकवाचक शब्द आला, जर्मन जाऊन लॅटिन परंपरेतला आला. मुलकी अर्थ मात्र पुन्हा वर आला. २००० साली चेक प्रजासत्ताकात स्वायत्त प्रांतांची व्यवस्था सुरू झाली, आणि प्राग वगळता उरलेल्या १३ प्रांतांचे निर्वाचित प्रमुख ‘हेय्त्मन’ म्हणवू लागले. ताबोरच्या समुदायाने निवडलेल्या नायकाचे नाव प्रांतसभेने निवडलेल्या प्रमुखाकडे आले. पोलिशमध्ये या शब्दाला याहून अनपेक्षित स्थान मिळाले आहे. तेथे बुद्धिबळातील वजिराला ‘हेत्मन’ म्हणतात. पदनामांचा असा चढउतार मराठीला अपरिचित नाही. शिवकाळात किल्ल्याचा मुख्य असलेला ‘हवालदार’ आजच्या सैन्यात कनिष्ठ श्रेणीत दिसतो. अर्थ इतका हलता असल्यामुळेच केवळ अर्थावर उभारलेली व्युत्पत्ती भरवशाची नसते.

७. निष्कर्ष

तुर्की मत अर्थाच्या कसोटीवर दोन भिन्न शब्दांच्या सरमिसळीवर उभे आहे. ध्वनीच्या कसोटीवर त्याला तीन अपवाद मागावे लागतात. मार्गाच्या कसोटीवर त्याला वाटच सापडत नाही. त्याची मुख्य त्रुटी ही, की चेक भाषा ही वाट म्हणून मान्य करूनही त्याने चेक रूपाची साक्ष घेतली नाही. ‘हेय्त्मन’मधील एक ‘य्’ आणि चेक भाषेतील ‘आय्’चा ‘एय्’ होण्याचा नियम यांकडे लक्ष दिले असते, तर गवताळ प्रदेशापर्यंत जाण्याचे प्रयोजन उरले नसते.

‘आतामान’ची स्वतंत्र चिकित्सा तुर्की भाषांच्या अभ्यासकांनी करावयाची आहे, आणि ‘हेत्मन’पासून त्याची सुटका झाली तर ती अधिक निर्वेध होईल. पदनामांच्या व्युत्पत्तीचे काम करणाऱ्याने या उदाहरणातून एक पथ्य घ्यावयास हवे. दोन शब्द एकसारखे दिसले आणि एकाच अर्थाचे असले, म्हणजे शोध संपत नाही. दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या भाषेला विचारावे लागते, आणि तिचे उत्तर बहुधा अशाच एखाद्या क्षुल्लक वाटणाऱ्या ध्वनीत मिळते.